डावातली जबान आणि घरातली जबान

॥ श्री सद्गुरुचरणी सादर वंदन ॥



गुरुपौर्णिमेनंतरच्या पहिल्या गुरुवारी आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि आम्ही पाच-सहा जणी भांडी आवरत होतो. आमच्यातली एक धाकटी ताई पातेलं घासता घासता म्हणाली, "काकू, एक विचारू? जो माणूस पत्त्यांच्या डावात दिलेला शब्द कधी मोडत नाही, त्याला शब्दाचा पक्का म्हणायचं का?"

कुणीतरी लगेच उत्तर दिलं, "अगं, जुगारच मुळात वाईट. त्यातला शब्द काय घेऊन बसलीस?"

ती म्हणाली, "जुगार वाईट हे मला माहीत आहे. मी वेगळं विचारतेय."

खरंच वेगळं विचारत होती. म्हणून या वेळचा संदेश त्याच प्रश्नावर. श्रावण तोंडावर आलाय, सातम-आठम जवळ आहे. नंतर हळहळण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

गावाकडच्या ग्रुपवर जे वाचतात त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कडोदरा म्हणजे सुरतहून बारडोलीकडे जाणारा रस्ता जिथे मुंबई-अहमदाबाद हायवेला छेदतो तो चार रस्ता. आजूबाजूला डाइंगच्या मिला आणि लूमचे कारखाने. आपली जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं पोटासाठी इथे आली आणि इथलीच झाली. घरात अहिराणी, दारात गुजराती, गेटवर हिंदी. सण मात्र आपण दोन्हीकडचे धरले. आणि सणांबरोबर पत्तेही दोन्हीकडचे आले.

खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पुरुष माणसं झाडाखाली पत्ते कुटत बसतात. हे आम्ही लहानपणापासून पाहिलंय. त्याच दिवशी सालदाराचं साल ठरायचं. कागद नाही, सही नाही, चार माणसांत दिलेला शब्द, तेवढ्यावर वर्ष निघायचं. इकडे गुजरातेत श्रावण वद्य सातमला शीतळामातेची पूजा. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड खायचं. दुसऱ्या दिवशी कृष्णजन्म. आणि याच दिवसांत गल्लोगल्ली तीन पत्तीचे डाव. इथले लोक त्याला श्रावणी जुगारच म्हणतात. "सणाचा आहे, शकुनाचा आहे" असं म्हणून जो माणूस एरवी पत्त्याला हात लावत नाही, तोही बसतो.

आता एक कबुली. आम्हाला या डावांची माहिती आहे ती ऐकीव नाही. चहा आम्हीच नेऊन दिलाय. कितीतरी वर्षं. गच्चीवर सतरंजी, मध्ये चादर, कोपऱ्यात पाण्याचा जग, आणि दर दीड तासाने आमच्यापैकी कुणीतरी ट्रे घेऊन जिना चढायची. ट्रे ठेवता ठेवता जे दिसतं ते माणूस विसरत नाही.

आणि खरं सांगायचं तर, जे दिसलं त्यातलं बरंच चांगलं होतं.

रेशनच्या रांगेत जो माणूस कोपराने वाट काढतो, तो इथे आपली पाळी येईपर्यंत गप्प बसलेला. आधीच्याने चाल दिली नसेल तर हा हालत नाही, कारण आपण आधीच पत्ते टाकले तर पुढच्याला अंदाज येतो आणि तिसऱ्याचं नुकसान होतं. वाटणारा पत्ते पिसतो आणि शेजाऱ्यापुढे काटायला ठेवतो. काटणारा विश्वास असला तरी काटतो, नाहीतर नुसता हात लावतो. म्हणजे संशय नाही, पण रीत मोडली नाही. ज्याने पॅक केलं, त्याने पत्ते उलटे टाकायचे, "माझ्याकडे काय होतं माहिताय का" असं म्हणायचं नाही. मागे उभ्या असलेल्याने तोंड उघडायचं नाही. हरलेल्याला हसायचं नाही. शो मागितला की पत्ते लगेच दाखवायचे, समोरच्याला ताटकळत ठेवून, आशा लावून मग आपली मोठी पानं टाकायची नाहीत. तसं करणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही.

एकदा तर आमच्या डोळ्यांसमोर घडलं. एका म्हाताऱ्या भाऊंच्या शेजाऱ्याची पानं हातातून निसटली आणि चादरीवर उताणी पडली. डावात बरेच पैसे होते. भाऊंनी झटकन मान फिरवली आणि कठड्याकडे बघत राहिले. शेजाऱ्याने पानं उचलल्यावर म्हणाले, "उचललीस का? आता वळू?" कुणी बघत नव्हतं, फक्त चहावाली बघत होती.

हे सगळं कुठे लिहिलेलं नाही. कुणी शिकवत नाही. तरी पोरंसोरं दोन सणांत शिकून घेतात. सद्गुरू आपल्याला संयम, पाळी, दुसऱ्याचा मान, हार पचवणं हे वर्षानुवर्षं सांगतात आणि आपल्याला जमत नाही. तेच गच्चीवर एका रात्रीत जमतं. हे पाहून आम्हालाही वाटायचं, पैसा सोडला तर यात वाईट ते काय?

आता त्या ताईची गोष्ट. तिला विचारून लिहितो आहोत, नाव लिहिणार नाही.

तिचे मिस्टर डाइंग मिलमध्ये. दारू नाही, तंबाखू नाही. गेल्या आठमच्या रात्री बावीस हजार हरले. खिशात नऊ होते. उरलेले तेरा "सकाळपर्यंत देतो" म्हणाले. पहाटे घरी आले, आंघोळ केली आणि तिची सोन्याची पोत मागितली. सोनं ठेवून पैसे उचलले आणि अकराच्या आत ज्याचे त्याला पोहोचवले. घरी येऊन म्हणाले, "चार लोकांत आपली जबान राहिली." आवाजात दुःख नव्हतं. थोडा अभिमानच होता.

मुलीच्या शाळेच्या फीचा साडेसहा हजारांचा हप्ता जूनपासून थकलेला होता. त्या मुलीलाही त्यांनी शब्द दिला होता, "या महिन्यात नक्की." मुलीने काही विचारलं नाही. फीची चिठ्ठी फ्रिजवर लावलेली होती, ती काढून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली.

आणि आमचा वाटा ऐका. त्याच रात्री एक वाजता त्या ताईने आमच्यातल्या एकीला फोन केला होता. "काकू, हे उठत नाहीयेत. मी वर जाऊन बोलावू का?" आम्ही काय सांगितलं? "नको गं. सणाचे दिवस. चार माणसांत बायको बोलवायला आली तर त्यांचा मान जाईल." हाही एक अलिखित नियमच होता, आणि तो आम्ही पाळला. बाईने गच्चीवर चहा घेऊन जायचं, निरोप घेऊन जायचं नाही.

म्हणून तिचा प्रश्न आम्हाला लागला. तो तिच्या नवऱ्याबद्दल होताच, पण आमच्याबद्दलही होता.

आधी बघू, डावातला शब्द एवढा घट्ट का असतो.

पहिलं कारण कायद्याचं. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे डावात जिंकलेले पैसे समोरच्याने दिले नाहीत तर कोर्टात दावा लावता येत नाही. शिवाय जुन्या मुंबई प्रांताचा १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा आजही इकडे गुजरातेत आणि तिकडे महाराष्ट्रात चालतोच, श्रावणात पोलिसांच्या धाडी पडतात त्या त्याच आधाराने. तेव्हा तक्रार कुठे करणार? जिथे कोर्ट नाही तिथे शब्द हाच दस्तऐवज. किराणा दुकानदाराची उधारी तो वसूल करू शकतो, म्हणून ती थांबते. डावाची उधारी वसूल करता येत नाही, म्हणून ती आधी दिली जाते. हे आपल्याकडेच नाही. इंग्रजांच्या बड्या घरांतही शिंप्याचं बिल वर्षानुवर्षं थकायचं आणि पत्त्यांतलं देणं मात्र इज्जतीचं म्हणून ताबडतोब चुकतं व्हायचं.

दुसरं कारण, सगळे बघत असतात. आणि तिसरं कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डावात बसलेले सगळे बरोबरीचे असतात. आज मी पैसे बुडवले तर उद्या ते मला पत्ते वाटणार नाहीत. माझा शब्द मोडण्याची किंमत ते माझ्याकडून वसूल करू शकतात.

अकरा वर्षांची मुलगी काय वसूल करणार? ती बापाला पुढच्या डावातून बाहेर ठेवू शकत नाही. बायको चार लोकांत नाव काढणार नाही, कारण ते तिचंही नाव आहे. म्हणजे शब्द पाळला गेला तो ज्याच्यापुढे लाज वाटते त्याच्याशी. ज्याच्यापुढे लाज वाटायचं कारण नाही, कारण तो काही करू शकत नाही, त्याच्याशी मोडला गेला.

आता कुणी म्हणेल, मग भाऊंनी मान फिरवली ती काय लाजेने? नाही. तिथे कुणी बघत नव्हतं. ते खरं चांगुलपण होतं आणि ते आम्ही नाकारणार नाही. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. डावात सगळंच खोटं असतं तर सोपं होतं.

आम्ही बसून डावाचे सगळे अलिखित नियम आठवून आठवून सांगितले, एकीने वहीत लिहून घेतले. यादी झाल्यावर दिसलं की यात दोन जाती आहेत.

पहिल्या जातीचे: पाळी मोडू नये. दुसऱ्याची पानं पाहू नयेत. मागून शिकवू नये. हरलेल्याला हसू नये. समोरच्याला आशा लावून ठेवू नये.

दुसऱ्या जातीचे: जिंकत असलेल्याने उठून जाऊ नये. बोलावलं तर नाही म्हणू नये. कोण किती हरला हे घरी विचारलं तरी सांगू नये. घरच्या बाईने मध्ये पडू नये. डावाचं देणं किराण्याच्या, फीच्या आणि औषधाच्या आधी द्यावं.

पहिले नियम माणसाला सांभाळतात. दुसरे नियम फक्त डावाला सांभाळतात, डाव मोडू नये म्हणून. जिंकणारा उठला तर हरणाऱ्याला परत मिळवायची संधी राहत नाही, हे खरं. पण तीच संधी त्याला आणखी खोल नेते, हेही तितकंच खरं. आणि जिथे जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला नाल काढून घेतो, तिथे तर कुणीच न उठण्यात सगळ्यांत मोठा फायदा त्याचा, जो स्वतः एकही पान खेळत नाही.

सतरंजीवर बसलेल्याला या दोन जाती वेगळ्या दिसत नाहीत. दोन्हींना तो एकच शब्द वापरतो: रीत. पहिली रीत पाळून जे समाधान मिळतं, तेच दुसरी पाळूनही मिळतं. पोत गहाण ठेवून आलेल्या माणसाला खरंच वाटत होतं की आपण धर्माने वागलो.

इथे महाभारत आठवल्याशिवाय राहत नाही. सभापर्वातला द्यूताचा प्रसंग आपण सगळ्यांनी कीर्तनात, टीव्हीवर पाहिला-ऐकलाय. पण एक गोष्ट निसटते. धर्मराजाला शकुनी कपटी आहे हे माहीत होतं. निमंत्रण घेऊन आलेले विदुरकाका स्वतःच सावध करत होते. तरी धर्मराज गेला, कारण बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही, हा त्याचा नेम होता. म्हणजे आमच्या यादीतला दुसऱ्या जातीचा नियम. जुगाराच्या हौसेपेक्षा रीत पाळण्याच्या निश्चयाने तो माणूस बसला. मग धन गेलं, राज्य गेलं, नकुल, सहदेव, अर्जुन, भीम एकेक करून गेले, स्वतः गेला, आणि शेवटी द्रौपदी पणाला लागली.

द्रौपदीने निरोप्याबरोबर काय विचारून पाठवलं? फासे खरे होते की खोटे, हे तिने विचारलं नाही. राजाने आधी स्वतःला हरवलं की मला, हे विचारलं. म्हणजे डावाच्या आतला नियम पाळला गेला का, हा तिचा प्रश्नच नव्हता. मला पणाला लावायचा अधिकार तुला कुणी दिला, हा होता. सभेत डावाचे सगळे नियम जाणणारे थोर लोक बसले होते. भीष्मांसारखे भीष्म म्हणाले की धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. बोलला तो कौरवांतला एक धाकटा, विकर्ण. आणि पुढे काय झालं? सगळं परत मिळाल्यावर पुन्हा बोलावणं आलं, आणि धर्मराज पुन्हा येऊन बसला. त्या दुसऱ्या डावाने बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास दिला.

द्रौपदीच्या प्रश्नातच आम्हाला कसोटी सापडली. कुठलीही रीत चांगली की वाईट, हे तिच्या आत बसलेल्यांना विचारू नका. तिची किंमत जो मोजतो आणि जो तिथे बसलेला नाही, त्याला विचारा. भाऊंनी मान फिरवली, हे त्यांच्या बायकोला सांगितलं तर तिला आनंद होईल. जिंकणाऱ्याने उठायचं नाही, ही रीत तिला सांगा आणि तिचा चेहरा पाहा.

कॉलेजात संस्कृत नाटकांच्या तासाला आमच्यातल्या दोघींनी शूद्रकाचं मृच्छकटिक अभ्यासलं होतं. त्यात संवाहक नावाचा एक माणूस आहे. दहा सुवर्णमोहरा हरतो आणि पळतो. रिकाम्या देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तिथेच खेळायला बसतात, आणि फाशांचा आवाज कानावर पडल्यावर या मूर्तीला राहवत नाही, ती आपण होऊन पुढे येते! मग जुगारी त्याला आपल्या मंडळाच्या बंधनात अडकवतात. दोरी नाही, बेडी नाही, फक्त जुगाऱ्यांची रीत. आणि तो हताश होऊन कबूल करतो की आम्हा जुगाऱ्यांना ही मर्यादा ओलांडता येत नाही. शेवटी दुसरा एक जुगारीच मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकतो आणि याला पळून जायला सांगतो. वसंतसेना आपलं कंकण देऊन याचं कर्ज फेडते. पुढे हाच माणूस भिक्षू होतो आणि मरणाच्या दारात पडलेल्या वसंतसेनेला वाचवतो. ज्या रिंगणातून बाहेर पडता येत नाही असं तो समजत होता, ते रिंगण फक्त आत उभं राहणाऱ्यांच्या डोक्यात होतं.

आमचा एक भाचा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याला हा विषय सांगितला तर म्हणाला, "मावशी, तुम्ही तीन पत्तीवरून सगळ्यांना झोडू नका. पोकर वेगळा. त्यात डोकं लागतं." गोव्याला मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोत तो एकदा जाऊन आलाय. त्याने तिथल्या रिती सांगितल्या. आपल्या गच्चीवरच्याच निघाल्या: पाळी सोडू नये, डाव चालू असताना आपल्या पानांविषयी बोलू नये, एका हाताला एकच खेळणारा, जिंकणारी पानं मुद्दाम हळूहळू उघडून समोरच्याला छळू नये, नवख्याची चूक काढून त्याचा अपमान करू नये. आणि एक नियम तर आम्हाला फारच आवडला. डाव सुरू झाल्यावर टेबलावर जेवढं आहे तेवढंच पणाला. मध्येच खिशात हात घालायचा नाही, घड्याळ काढून ठेवायचं नाही, "उद्या देतो" म्हणायचं नाही.

आम्ही म्हटलं, हा नियम हस्तिनापुरात असता तर द्रौपदी वाचली असती. आणि त्या ताईची पोतही.

पण मग आम्ही भाच्याला विचारलं, टेबलावर जे ठेवलं ते कुठून आलं? तो थोडा वेळ गप्प बसला. टेबलाचा नियम टेबलाच्या काठाला संपतो. ती रक्कम कुणाच्या वाटची होती, हे टेबल विचारत नाही. ते घराने विचारायचं असतं.

डोकं लागतं की नशीब, हा वाद कोर्टातही झालाय. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं. पोकरबाबत आपल्या गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला. आणि मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदाच करून बंदी आणली, मग त्यात कौशल्य असो की नशीब. त्या ताईच्या प्रश्नाला मात्र या वादाने फरक पडत नाही. डोक्याने हरलेले साडेसहा हजार आणि नशिबाने हरलेले साडेसहा हजार, शाळेच्या खिडकीवर दोन्हींची पावती मिळत नाही.

मोबाइलच्या डावाबद्दल एवढंच सांगतो. तिथे गच्चीवरचं चांगलं तेवढं गळून पडतं आणि वाईट तेवढं राहतं. मान फिरवणारे भाऊ नाहीत, "बस झालं रे, घरी जा" म्हणणारा मोठा भाऊ नाही. मुलाच्या हातात फोन आहे आणि तो अभ्यास करतोय असं आपल्याला वाटतं. बंदी असली तरी चोरवाटा असतात, तेव्हा डोळे उघडे ठेवा.

आता काही दादा म्हणतील, ताई लोकांनी पत्तेच बंद करायचं ठरवलंय. तसं नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे आणि शिवपार्वतीच्या सारीपाटाची कथा आपण घरोघरी सांगतो. मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन आम्ही सगळ्यांनी खेळलंय. चिडायचं नाही, पाळी मोडायची नाही, पानं लपवायची नाहीत, हे आम्ही तिथेच शिकलो. शेंगदाणे लावून खेळलेल्या डावातही भाऊंसारखी मान फिरवता येते. पहिल्या जातीच्या सगळ्या रिती पैशावाचून टिकतात. पैसा काढला की फक्त दुसऱ्या जातीच्या गळून पडतात. यावरूनच ओळखावं की पैशाचा डाव कुठल्या रितींवर उभा आहे.

आम्ही आमच्या गटात चार गोष्टी ठरवल्या आहेत. सक्ती नाही, पटलं तर घ्या.

पैशाच्या डावाला आमच्या घरातून चहा जाणार नाही. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त चहा नाही.

शेंगदाण्यांचा डाव लावणार असाल तर आम्हीही बसू, आणि चहा तुम्ही करायचा.

कुणी उठायला लागला, जिंकून असो की हरून, तर "बस ना" म्हणायचं नाही. त्याला वाट द्यायची.

आणि रात्री एक वाजता कुणा ताईचा फोन आला तर "त्यांचा मान जाईल" असं आता आम्ही सांगणार नाही. आम्ही तिच्याबरोबर जिना चढू. नुसतं दारात उभं राहू. बोलायची गरज पडणार नाही.

त्या ताईची पोत अजून सुटलेली नाही. फीचा हप्ता तिने साड्यांना फॉल-बिडिंग करून दिवाळीत भरला. यंदा आखाजीला ते सगळे गावी गेले होते. झाडाखाली डाव बसला, तिचे मिस्टरही बसले. पाचशे रुपये घेऊन बसले होते. संपल्यावर उठले. कुणीतरी म्हणालं, "एवढ्यात? बायकोने तंबी दिली का?" सगळे हसले. ते उठून आले आणि ओसरीवर बसून तिला म्हणाले, "पाचशे गेले." तिने विचारलं नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली, आकडा त्यांनी स्वतःहून सांगितला तो पहिल्यांदाच.

पाचशे का असेना, गेलेच. आम्ही त्यांचं कौतुक करून डोक्यावर घेणार नाही. पण चार लोक हसत असताना उठून येणं सोपं नाही, हे आम्ही मान्य करतो. त्या दिवशी त्यांनी डावाची रीत मोडली आणि घराची पाळली.

तर धाकट्या ताईला उत्तर असं: डावात शब्द पाळणारा माणूस शब्दाचा पक्का होऊ शकतो, तेवढी शक्ती त्याच्यात आहे. पण तेवढ्यावरून तो पक्का ठरत नाही. जो आपल्याकडून वसूल करू शकत नाही, त्याला दिलेला शब्द आपण कसा पाळतो, त्यावर ते ठरतं. आणि हे काही फक्त पत्ते खेळणाऱ्यांपुरतं नाही. आम्हीही घरी जाऊन आपापली यादी केली. सेवेला वेळेवर हजर राहणाऱ्या आम्ही, घरी सासूबाईंना "संध्याकाळी पाय चेपून देते" म्हणून किती वेळा विसरलो, ते वहीत आलं. सद्गुरूंपुढे बसताना ती वही जवळ ठेवतो.

सातमच्या दिवशी चूल बंद असते, सगळ्यांना थोडी सवड असते. तेव्हा हा संदेश घरात मोठ्याने वाचावा. मुलं असतील तर त्यांना विचारावं, आम्ही तुला दिलेला कुठला शब्द राहिलाय? आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्यावं.

सर्वांना श्रावणाच्या शुभेच्छा.

कडोदरा सेवा गटातील भगिनी
॥ श्री सद्गुरुचरणी अर्पण ॥